कॉकटेलचं कार्ड वाचताना

हॉटेलात कॉकटेलचं कार्ड हातात पडलं की मार्गारिटा, साइडकार, नेग्रोनी, टॉम कॉलिन्स अशी नावांची रांग समोर येते आणि तिच्यातून काहीच उलगडत नाही. शेवटी बरेच जण शेजारच्या टेबलावरचा रंगीत ग्लास दाखवून ‘तेच द्या’ म्हणतात, किंवा ऐकलेलं एखादं नाव सांगून मोकळे होतात. नावं पाठ करण्यात वेळ घालवू नका. नावाखाली बारीक टायपात घटकांची जी ओळ छापलेली असते, ती वाचा. त्या ओळीत चार गोष्टी शोधायच्या : मूळ मद्य कोणतं, आंबट काय, गोड काय आणि ग्लास भरायला काय घातलं आहे. एवढं कळलं की चव कशी लागेल आणि पोटात किती मद्य जाईल, दोन्हींचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. जे पीत नाहीत त्यांनी सुरुवात करावी, असं या लेखात काहीही नाही. मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. जे पितात आणि घरी आलेल्यांना पाजतात, त्यांना ग्लासात काय आहे ते कळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आज आपण मिश्र मद्याच्या कुठल्याही ग्लासाला सरसकट कॉकटेल म्हणतो. पूर्वी तसं नव्हतं. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने मे १८०६ मध्ये वाचकाच्या शंकेला उत्तर देताना कॉकटेलचे घटक सांगितले होते : कोणतंही कडक मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. बिटर्स म्हणजे कडवट मुळ्या, साली आणि मसाले मद्यात मुरवून काढलेला अर्क. तो थेंबांनीच वापरतात. हे जुनं कॉकटेल आजही कार्डावर ‘ओल्ड फॅशन्ड’ या नावाने टिकून आहे : व्हिस्की, जराशी साखर, बिटर्सचे दोन-तीन शिडकावे, बर्फाचा एक मोठा खडा आणि वरून संत्र्याच्या सालीचा तुकडा. पंच, सावर, फिझ, जुलेप ही तेव्हा वेगवेगळी घराणी होती. जेरी थॉमस या अमेरिकन बारटेंडरने १८६२ मध्ये आपल्या धंद्यावरचं पुस्तक काढलं. त्यात पहिला मान पंचला आहे, कॉकटेल हा त्यातला एक छोटा भाग. घराणी ओळखायची ही जुनी रीत आजही सगळ्यात उपयोगाची आहे.

आंबटगोड घराणं

पहिल्यांदा ओळखायला शिकावं ते सावरचं घराणं. लिंबाच्या सरबतात पाण्याच्या जागी मद्य, अशी त्याची साधी मांडणी आहे. रम घेतली की डायकिरी, व्हिस्की घेतली की व्हिस्की सावर. साखरेच्या जागी संत्र्याच्या सालीचं गोड लिकर आणि मद्य म्हणून टकीला घेतली की मार्गारिटा. तसंच ब्रँडी घेऊन केलं की साइडकार. व्होडका घेऊन त्यात थोडा क्रॅनबेरीचा रस घातला की कॉस्मोपॉलिटन. नावं पाच झाली तरी हाडं तीच आहेत. एकदा डायकिरी आवडली की बाकीची आवडण्याचा संभव मोठा, आणि ती फार आंबट वाटली तर बाकीचीही जपूनच मागवावीत.

याच सांगाड्यावर सोडा ओतून उंच ग्लासात बर्फासकट दिलं की कॉलिन्स. बर्फाबरोबर जोरात हलवून, गाळून, वर थोडाच सोडा घातला की फिझ. पुदिना आला की मोहितो. साखर पूर्ण काढून टाकली, फक्त मद्य, लिंबू आणि सोडा ठेवला की रिकी. गोड नको असणाऱ्यांना ‘जिन रिकी’ हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण कार्डावरच्या बहुतेक ग्लासांत साखर भरपूर असते. टॉनिक वॉटर कडू लागतं म्हणून त्यात साखर नसते असा अनेकांचा समज असतो, तो चुकीचा आहे. साध्या टॉनिकच्या बाटलीतही चांगलीच साखर असते. मधुमेह असेल तर मात्र रिकीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्या. मद्याने रक्तातली साखर एकदम खालीही जाऊ शकते, आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर तो धोका वाढतो.

सावर समजून घ्यायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे एक डायकिरी स्वतः करून पाहणं. साठ मि.ली. पांढरी रम, वीस मि.ली. लिंबाचा रस आणि पंधरा ते वीस मि.ली. साखरेचा पाक घ्या. पाक म्हणजे एक वाटी साखर एक वाटी गरम पाण्यात विरघळवून गार केलेली. तार वगैरे बघायची नाही. कोरडी साखर गार मद्यात नीट विरघळत नाही आणि तळाशी बसते, म्हणून पाक. रस आयत्या वेळी काढायचा. सकाळी काढून ठेवलेला रस संध्याकाळपर्यंत कडवट व्हायला लागतो आणि कितीही महाग रम घातली तरी तो कडवटपणा झाकला जात नाही. शेकर नसला तर घट्ट झाकणाची बरणी चालते. ती बर्फाने जवळजवळ भरायची आणि दहा-पंधरा सेकंद दणकून हलवायची. बरणीला बाहेरून दव धरलं आणि हात गारठला की झालं. मग चहाच्या गाळणीतून गाळून घ्यायचं. हलवताना थोडा बर्फ वितळून पाणी आत जातं, आणि ते जायलाच हवं. त्या पाण्याशिवाय डायकिरी घशाला चरचरते. बर्फ कमी घातला तर पेय पुरेसं गार व्हायच्या आत बर्फ संपतो आणि ग्लास पाणचट होतो, त्यामुळे बर्फात काटकसर करू नका. आणि सोडा किंवा कोलासारखं गॅसचं काहीही बरणीत घालून हलवू नका. झाकण उडतं.

परदेशी कृतींमध्ये ‘लेमन’ आणि ‘लाइम’ वेगळी असतात. लेमन म्हणजे ते मोठं, जाड सालीचं पिवळं लिंबू. आपलं कागदी लिंबू लाइमच्या जातीचं, वासाला तेज आणि आंबटपणाला जास्त. लेमनच्या जागी ते वापरायला हरकत नाही, पण रस थोडा कमी घालून चव बघा. कोकम वापरायचं मनात असेल तर बाटली आगळाची आहे की सरबताची, ते पाहून घ्या. आगळात मीठ असतं आणि साखर नसते, म्हणून पाक वाढवायचा आणि ग्लासाच्या काठाला मीठ लावायचं नाही. कोकमाच्या सरबतात साखर आधीच असते, तिथे पाक जवळजवळ लागत नाही.

गोव्याची काजूची फेणी या घराण्यात फार छान बसते, हे माझं ठाम मत आहे. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा वास उग्र आहे, तो दाबायला जाऊ नये. लिंबू आणि मिठाबरोबर तो खुलतो. त्याच बोंडांच्या रसापासून पहिल्या ऊर्ध्वपातनात निघतो तो उर्राक. फेणीपेक्षा पुष्कळ सौम्य, आणि उन्हाळ्याच्या काही आठवड्यांतच मिळणारा. गोव्यात तो लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि लिंबाच्या चवीचं थंड पेय घालून घेतात. घराण्याच्या हिशेबाने तो सोडा घातलेला सावरच आहे.

हलवायचं की ढवळायचं

कार्डावर लिंबू, संत्रं, मलई, अंडं यांतलं काही दिसलं तर ते पेय शेकरमध्ये हलवलेलं असणार. घटक जड आणि गढूळ असतात, जोराने हलवल्याशिवाय ते एकजीव होत नाहीत. सगळेच घटक मद्याचे असतील तर बर्फाबरोबर लांब चमच्याने अर्धा मिनिट ढवळतात, म्हणजे पेय काचेसारखं स्वच्छ राहतं. या दुसऱ्या घराण्यात मार्टिनी, मॅनहॅटन आणि नेग्रोनी येतात. मार्टिनीत जिन आणि कोरडी व्हर्मूथ. मॅनहॅटनमध्ये व्हिस्की, गोड व्हर्मूथ आणि बिटर्स. नेग्रोनीत जिन, गोड व्हर्मूथ आणि कंपारी नावाचं कडवट लिकर, तिन्ही समसमान. व्हर्मूथ म्हणजे वनस्पती मुरवलेली, जरा कडक केलेली वाइन. ती वाइन असल्यामुळे उघडी बाटली कपाटात महिनोन् महिने ठेवू नये. फ्रिजमध्ये ठेवावी आणि महिना-दोन महिन्यांत संपवावी.

या घराण्यात लांबवायला काहीच नसतं. ग्लास छोटा येतो, पण त्यात जवळजवळ सगळं मद्यच असतं. ज्यांना कडक चवीची सवय नाही त्यांनी पहिल्याच दिवशी मार्टिनी मागवून पैसे वाया घालवू नयेत. आणि ‘मार्टिनी’ हे नाव हल्ली त्या त्रिकोणी ग्लासात दिलेल्या कशालाही लावतात. एस्प्रेसो मार्टिनीत जिन नाही, व्हर्मूथ नाही. व्होडका, कॉफीचं लिकर आणि कडक कॉफी असते. कॉफीमुळे तरतरी वाटते आणि किती चढली आहे ते लवकर कळत नाही, हे ध्यानात ठेवा.

हायबॉलचं घराणं तुम्हाला ठाऊकच आहे. एक मद्य आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट सोडा, टॉनिक, कोला किंवा जिंजर बिअर. व्हिस्की-सोडा, जिन-टॉनिक, रम-कोला ही सगळी तीच. यात चूक होते ती एकच, सोडा गार नसतो.

अंड्याचं मात्र नीट सांगायला हवं, कारण आपल्याकडे शाकाहारी मंडळी बारमध्ये हमखास फसतात. व्हिस्की सावरवर जो पांढरा मऊ फेस दिसतो तो बऱ्याच ठिकाणी कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याचा असतो. कार्डावर ते लिहिलेलं असेलच असं नाही. फ्लिपमध्ये अख्खं अंडं असतं, एगनॉगमध्ये अंडं आणि दूध. ब्लडी मेरीत टोमॅटोच्या रसाबरोबर वूस्टरशायर सॉस असतो आणि मूळ पद्धतीच्या त्या सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे मासे असतात. ऑर्डर देतानाच ‘अंडं नको, सॉस शाकाहारी आहे का’ असं विचारा. बहुतेक बारटेंडर अंड्याशिवाय सावर करून देतात, फेस कमी येतो एवढंच. बदामाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ‘ओर्झा’ हा शब्द दिसला तर थांबावं, तो बदामाचा पाक असतो.

ऑर्डर देताना लागणारे शब्द

‘नीट’ म्हणजे बाटलीतून थेट ग्लासात, बर्फ नाही, पाणी नाही. ‘ऑन द रॉक्स’ म्हणजे बर्फावर. ‘अप’ किंवा ‘स्ट्रेट अप’ म्हणजे बर्फाबरोबर गार करून, बर्फ गाळून, दांड्याच्या ग्लासात. नीट आणि अप यांत फार गल्लत होते. गार हवं असेल तर नीट म्हणू नका. ‘चेसर’ म्हणजे कडक मद्याच्या मागोमाग प्यायचं दुसरं काही. ‘ट्विस्ट’ म्हणजे सालीचा तुकडा पेयावर पिळून त्यातलं सुगंधी तेल उडवणं. ‘मडल’ म्हणजे पुदिना किंवा फळ ग्लासाच्या तळाशी दाबणं. मोहितोचा पुदिना नुसता दाबायचा असतो. खलबत्त्यात घातल्यासारखा चेचला की तो कडू होतो आणि पानांचा चोथा दातांत येतो.

‘ड्राय’ हा शब्द सांभाळून वापरा. वाइनच्या बाबतीत ड्राय म्हणजे गोड नसलेली. मार्टिनीच्या बाबतीत ड्राय म्हणजे व्हर्मूथ कमी, म्हणजेच जिन जास्त आणि पेय आणखी कडक. गोड नको म्हणून ‘एक्स्ट्रा ड्राय मार्टिनी’ मागवणाऱ्याला जवळजवळ नुसती गार जिन मिळते. ‘डर्टी’ म्हटलं की त्यात ऑलिव्हचं खारं पाणी येतं.

‘व्हर्जिन’ किंवा ‘मॉकटेल’ म्हणजे मद्याशिवाय. इथे एक सावधगिरी बाळगा. प्रसिद्ध अँगोस्टुरा बिटर्समध्ये ४४.७ टक्के मद्यार्क असतो, आणि काही ठिकाणी लाइम सोड्यात किंवा मॉकटेलमध्ये त्याचे थेंब सर्रास टाकतात. थेंबांनी कोणी झिंगत नाही. पण धर्माने, व्रताने, औषधांमुळे किंवा व्यसनातून बाहेर पडल्यामुळे ज्यांना एक थेंबही नको आहे, त्यांना ते आधी सांगितलंच पाहिजे.

पेगचा हिशेब

आपल्याकडे स्मॉल पेग ३० मि.ली., लार्ज ६० मि.ली., क्वार्टर १८० मि.ली. आणि फुल बाटली ७५० मि.ली. परदेशी कृतींतला एक औंसही जवळजवळ ३० मि.ली.च भरतो, म्हणून ‘दोन औंस’ दिसलं की लार्ज पेग समजावं. भारतीय व्हिस्की-रमच्या लेबलवर बहुधा ४२.८ टक्के असा आकडा असतो. शेजारी ‘७५ अंश प्रूफ’ किंवा ‘२५ अंश यूपी’ असंही लिहिलेलं दिसतं. जुन्या ब्रिटिश मोजणीत १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७ टक्के मद्यार्क. त्याचा पाऊण हिस्सा घेतला की ४२.८ येतो. अमेरिकन बाटलीवरचा प्रूफ वेगळा, तिथे टक्केवारीची सरळ दुप्पट असते. तेव्हा प्रूफ सोडून द्या आणि टक्के बघा.

४२.८ टक्क्यांच्या स्मॉल पेगमध्ये साधारण १३ मि.ली. शुद्ध मद्यार्क असतो. तो एकक धरून बाकीचं मोजा. ४५ मि.ली. रमचा मोहितो म्हणजे दीड स्मॉल. मार्टिनी दोनपेक्षा थोडी जास्त. लाँग आयलंड आइस्ड टीमध्ये व्होडका, जिन, रम, टकीला आणि संत्र्याचं लिकर प्रत्येकी १५ मि.ली. घातलं तर अडीच स्मॉल, आणि बारवाल्याने हात सैल सोडून प्रत्येकी ३० मि.ली. घातलं तर पाच. कोला आणि लिंबामुळे ते चहासारखं दिसतं आणि सरबतासारखं उतरतं. पहिल्यांदा कॉकटेल घेणाऱ्या तरुण मुलामुलींना हा ग्लास कोणी आग्रहाने देत असेल तर स्वच्छ नाही म्हणा. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनीही हिशेब करावा. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मि.ली.ची एक बाटली म्हणजे चार स्मॉल पेग.

शरीराला एक स्मॉल पेग निपटायला साधारण तास-दीड तास लागतो. काळी कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मि.ली. रक्तात ३० मि.ग्रॅ. मद्यार्क इतकी आहे, आणि ती ओलांडायला फार लागत नाही. ज्या रात्री कॉकटेल घ्यायचं त्या रात्री गाडीची किल्ली घरी ठेवून निघा. महाराष्ट्रात व्हिस्की, रम यांसारख्या कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, गोव्यात ती त्याहून कमी आहे. महाराष्ट्रात पिण्यासाठी परवानाही लागतो. गोव्याहून येताना हा फरक लक्षात असू द्या.

बारमध्ये माप डोळ्यांसमोर ओतायला सांगण्यात संकोच करू नका. तो तुमचा हक्क आहे. घरी मात्र माप धरणारे तुम्हीच असता, आणि अंदाजाने ओतणारा हात नेहमी जास्तच ओततो. पहिली खरेदी महागड्या बाटलीची करण्याऐवजी ३० आणि ६० मि.ली.च्या दुतोंडी मापाची करा. त्याला जिगर म्हणतात.

घरी पाहुणे असतील तर

पंधरा-वीस जण येणार असतील तर एकेक ग्लास हलवत बसण्यात यजमानाची संध्याकाळ जाते. तिथे पंचच करावा. पंचचं आपल्या किनाऱ्याशी जुनं नातं आहे. १६९४ मध्ये मुंबईच्या कंपनी सरकारने काढलेल्या एका हुकमात, खानावळीत पंच प्यायला आलेल्या माणसाला काय काय मागता येईल ते मापासकट दिलं होतं : एक क्वार्ट चांगली गोव्याची अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पिंट लिंबाचा रस. त्याने आपला पंच आपणच करून घ्यायचा. ही अरक माडीपासून काढलेली. आजच्या मापात साधारण ९५० मि.ली. मद्य, सव्वादोनशे ग्रॅम साखर आणि २३५ मि.ली. रस. तीन शतकं उलटली तरी हे प्रमाण आजच्या जिभेला तंतोतंत चालतं.

एका ७५० मि.ली. बाटलीचा हिशेब असा. १८० ग्रॅम साखर थोड्या गरम पाण्यात विरघळवा आणि गार होऊ द्या. त्यात १९० मि.ली. लिंबाचा रस आणि रमची किंवा माडाच्या फेणीची बाटली ओता. मग गार पाणी किंवा गार केलेला कोरा चहा घालून सगळं मिळून अडीच लिटर करा. वरून थोडं जायफळ किसा. बर्फाचे छोटे खडे भराभर वितळतात, म्हणून आदल्या रात्री एका डब्यात पाणी गोठवून त्याचा मोठा ठोकळा सोडा. तो हळू वितळतो आणि पंच गार राहतो. शेजारी तसाच दिसणारा मद्याशिवायचा पंच वेगळ्या भांड्यात ठेवा, आणि दोन्ही भांड्यांवर ठळक नाव घाला, विशेषतः घरात मुलं असतील तर.

पंच गोड लागतो, वाटी छोटी असते आणि भांडं कोणी मोजत नाही. एका बाटलीत २५ स्मॉल पेग असतात आणि आपण ते अडीच लिटरमध्ये वाटले आहेत, म्हणजे १०० मि.ली.ची एक वाटी म्हणजे एक स्मॉल पेग. हा आकडा एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि पाहुणे येण्याआधी भांड्याला चिकटवून ठेवा.